त्रैक्य न मानणारा भाऊ माझ्या लेकीचा पाद्रीन होऊ शकतो का?

सुरंगी
इथे पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मालवणकडचे कॅथलिक. लेक चार महिन्यांची आहे. तिचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, पावसाआधी उरकायचा असं घरात ठरलंय. पाद्रीन, म्हणजे धर्मपिता, म्हणून माझा धाकटा भाऊच उभा राहणार हे मी दहावीत असल्यापासून ठरलेलं. तेव्हा तो सातवीत होता आणि बदल्यात त्याने माझी सायकल घेतली होती.

तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी तो पनवेलला गेला आणि तिथे एका छोट्या मंडळीत जायला लागला. मंडळीचं नाव इथे लिहीत नाही. गेल्या वर्षी घरी येऊन म्हणाला, मी बाप्तिस्मा घेतला. आईने विचारलं, "परत कसला? लहानपणी झालाय की." तर म्हणतो, तो धरत नाहीत, त्यात नाव चुकीचं घेतलं होतं.

नाव चुकीचं! आई अजून त्या शब्दावरच अडकलीय.

परवा वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रूसापाशी, लादीन होती, सगळ्यांनी मिळून करायची प्रार्थना. चुना लावलेला खुरीस, अबोलीचे वळेसर, वाळूत खोचलेल्या मेणबत्त्या, सगळं नेहमीसारखं. भाऊ आला, पण बाजूला उकडलेल्या चण्यांचा टोप दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मी म्हटलं, खाली ठेव ना, जड आहे. ठेवला नाही. मग माझ्या लक्षात आलं. हात मोकळे राहिले असते तर सगळ्यांबरोबर क्रूसाची खूण करायला लागली असती.

रात्री मी पाद्रीनचं विचारलं. म्हणाला, "ताई, बाकी सगळं करीन. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने असं म्हणतील तिथे मी उभा राहू शकत नाही. त्रैक्य हा शब्द बायबलात दाखव."

मी शोधला. खरंच नाही सापडला.

तर प्रश्न असे. हे त्रैक्य, म्हणजे एका देवात तिघे, आलं कुठून? ते न मानणारा ख्रिस्ती राहतो का? आणि त्या एका वाक्यापायी मामा भाचीच्या बाप्तिस्म्याला उभा राहणार नसेल तर मी काय करू?

बिच्चारा_बांगडा
सायकल परत माग.

दर्यावर्दी
मी ख्रिस्ती नाही, देवगडचा दत्तभक्त आहे. त्यामुळे मला यात अडचणच दिसत नाही. तीन शिरं, सहा हात, देव एक. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तुमच्या भावाला एकदा दत्तजयंतीला पाठवा आमच्याकडे.

वसईची_केळी
@दर्यावर्दी, तुमचा हेतू चांगला आहे, पण हे उदाहरण मी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात दिलं असतं तर फादरांनी माझा वर्ग काढून घेतला असता. (बावीस वर्षं शिकवतेय, वसईत.)

चर्चची शिकवण अशी: देव एकच, पण त्या एका देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, पण तिघेही पूर्ण देव. देवाचा तिसरा-तिसरा हिस्सा नव्हेत आणि तीन देवही नव्हेत. आता हे चौथीच्या पोरांना सांगून बघा. मी पाणी, बर्फ आणि वाफ सांगून पाहिलं, तेही चुकतं. कारण मग एकच देव कधी पिता, कधी पुत्र असे वेश बदलतो असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या माणसाच्या नावावर हे मत लागलं आणि चर्चने ते नाकारलं.

शेवटी मी शहाळं घेऊन गेले. वरचं सोडण, आत पाणी, मलई, सगळं मिळून एक.

बिच्चारा_बांगडा
मेल्यानू, नारळाक मधी कित्याक हाडतास!

पाद्र्याची_लेक
@वसईची_केळी ताई, शहाळंही चुकतं हो. नुसती मलई काढून दिली तर ते शहाळं होत नाही. पण नुसत्या पुत्राकडे बघितलं तरी तो पूर्ण देव, असं आपलं म्हणणं. आमच्या रत्नागिरीच्या घरी वडिलांनी या उदाहरणासाठी माझ्या भावाला जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं. (ते पाळक होते, म्हणून हे नाव.)

सुरंगी, दोन गोष्टी वेगळ्या करून बघ. खुरसाला, जपमाळेला, संतांच्या मूर्तींना तुझा भाऊ हात जोडत नाही, याचा त्रैक्याशी संबंध नाही. आम्ही प्रोटेस्टंटही लादिनीला हात जोडत नाही. आम्ही मात्र त्रैक्य शंभर टक्के मानतो. त्यामुळे चण्यांच्या टोपामागे अर्धं कारण निव्वळ प्रोटेस्टंट असू शकतं. नावाचा मुद्दा वेगळा.

इतिहासाचं_भूत
धागा माझ्या आवडीचा निघाला, त्यामुळे लांबण लागेल.

त्रैक्य हा शब्द बायबलात नाही हे बरोबर. लॅटिनमध्ये तो इसवी सन २०० च्या सुमारास तेर्तुलियनने वापरला. ग्रीकमध्ये त्याआधी थोडा, अंत्युखियाच्या थिओफिलसकडे. पण शब्द नंतरचा म्हणजे कल्पनाही नंतर कुणी घुसवली, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मत्तय २८:१९ मध्ये तिन्ही नावं एकत्र येतातच. भांडण सुरू होतं ते 'तिघांचं आपसांत नातं काय' इथे.

अलेक्झांड्रियात आरियस नावाचा एक पाद्री होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाप तो बाप, मुलगा तो मुलगा. मुलगा नव्हता असा एक काळ होता. म्हणजे पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ, पण निर्माणच केलेला. यावर एवढा गोंधळ माजला की सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकिया इथे बिशपांची सभा बोलावली. तिथे ठरलं की पुत्र हा पित्याशी 'एकतत्त्व' आहे, ग्रीकमध्ये होमोऊसिओस. नंतरच्या वर्षांत काहींनी तडजोड सुचवली की होमोइऊसिओस म्हणू, म्हणजे 'समानतत्त्व'. फरक एका आयोटाचा, ग्रीक वर्णमालेतलं सर्वांत बारकं अक्षर. आपल्याकडे 'ध' चा 'मा' झाला तशातला प्रकार, फक्त इथे भांडण पन्नास-पंचावन्न वर्षं चाललं.

निकियात आरियसबरोबर शेवटपर्यंत सही न करणारे दोनच बिशप राहिले, तिघांनाही हद्दपार केलं. पण 'निकियात निकाल लागला आणि सगळे घरी गेले' असं झालं नाही. वारं फिरलं. निकियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला पुढे पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरताना बाप्तिस्मा घेतला तो आरियसच्या बाजूकडे झुकलेल्या बिशपाकडून. गॉथ नावाच्या जर्मन टोळ्यांत ख्रिस्ती धर्म पोचला तोही आरियसपंथी. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनंतर साम्राज्यापुरता निकाल लागला.

कुणी 'सम्राटाने मतदानाने येशूला देव केलं' असं लिहिणार असेल तर आधीच सांगतो, ते खरं नाही. आरियसही येशूला साधा माणूस म्हणत नव्हता.

सुरंगी
वाचतेय सगळं, आभार. आमची आजी क्रूसाची खूण करताना "बापाच्या, पुत्राच्या आणि इस्पिरिता सांताच्या नांवान" म्हणायची. तो सांता म्हणजे सांताक्लॉज असं मला सहावीपर्यंत वाटायचं.

इतिहासाचं_भूत
@सुरंगी, फार चुकलं नाही तुमचं. निकियाच्या सभेत संत निकोलसने, म्हणजे ज्याचा पुढे सांताक्लॉज झाला त्याने, आरियसच्या थोबाडीत मारली अशी दंतकथा आहे. खूप नंतरची, विश्वास ठेवण्याजोगी नाही. पण नाताळात दरवर्षी फिरते.

राजिवडा
मी कोकणी मुसलमान. आमच्याकडे ईसा अलैहिस्सलाम पैगंबर, मरियमच्या पोटी बापाविना जन्मलेले. पण अल्लाला मुलगा नाही. लहानपणी शेजारच्या ख्रिस्ती मित्राशी यावरून रोज वाद व्हायचा, मग दोघं मिळून कालवं काढायला जायचो. वाद अजून मिटलेला नाही. कालवं मात्र आता पूर्वीसारखी मिळत नाहीत.

बिच्चारा_बांगडा
कालवांचा वेगळा धागा काढा. नक्की येईन.

शनवारतेली
आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं असं आम्ही बेने इस्राएली पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. वडिलांच्या बाजूचे सगळे रेवदंड्याचे.

आमच्या दारच्या चौकटीला मेझुझा असते, म्हणजे वचनांची गुंडाळी ठेवलेली डबी, तिच्यात पहिलंच वचन: हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच. झोपताना मुलांना हेच म्हणायला लावतात. एकोणिसाव्या शतकात मिशनरींनी आमच्या लोकांसाठी शाळा काढल्या. जॉन विल्सनसारखे विद्वान हिब्रू शिकवायला पुढे आले. आमच्या लोकांनी हिब्रू शिकून घेतली, मराठी छान शिकून घेतली, आणि फारच थोडे सोडले तर सगळे आपल्या सिनेगॉगमध्ये परत. आजोबा म्हणायचे, त्यांनी आम्हाला आमचंच पुस्तक वाचायला शिकवलं, ते वाचल्यावर त्यांचं तिसरं प्रकरण पटेना.

पण सुरंगी, एक सांगू? तुमचा भाऊ आमच्यातला होत नाही. त्रैक्य नाकारलं म्हणजे ज्यू किंवा मुसलमान यांच्या जवळ आला असं अनेकांना वाटतं. तो येशूला काय मानतो ते आधी विचारा. सगळं त्यावर आहे.

शांत_गल्ली
मी यहोवाचा साक्षीदार आहे. इथे आमच्यावर बरंच लिहिलं जाईल, म्हणून आमचं म्हणणं आम्हीच सांगितलेलं बरं.

आम्ही येशूला देवाचा पुत्र, प्रभू आणि तारणारा मानतो. सर्वसमर्थ देव मानत नाही. तो यहोवा, पिता. "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" हे येशूचेच शब्द, योहान १४:२८. पवित्र आत्मा ही आमच्या मते व्यक्ती नसून देवाची क्रियाशील शक्ती. नाताळ आणि वाढदिवस साजरे करत नाही. येशूच्या मृत्यूचा स्मारकविधी वर्षातून एकदा. लोक दारात आम्हाला बघून कडी लावतात त्याची सवय आहे. 'टेहळणी बुरूज' हातात दिला की काही जण चहाही देतात.

पण सुरंगीताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा भाऊ आमच्यापैकी वाटत नाही. आमच्यात असता तर लादिनीला आलाच नसता. चणे धरून उभं राहणं तर दूरच.

वसईची_केळी
@शांत_गल्ली, तुम्ही शांतपणे मांडलंत, आवडलं. पण त्याच योहानात "मी आणि पिता एक आहोत" हेही आहे, १०:३०. आणि थोमा "माझा प्रभू व माझा देव" म्हणतो तेव्हा येशू त्याला गप्प करत नाही.

शांत_गल्ली
आणि त्याच योहानात १७ व्या अध्यायात शिष्यांनीही आपल्यासारखं एक व्हावं अशी प्रार्थना आहे. ते काही एकतत्त्व झाले नाहीत. असो ताई, हे आपण दोघं रात्रभर करू शकतो.

संपादक
रात्रभर करू नका. वचनावर वचन असा सामना सुरू झाला की धागा शंभरीला जातो आणि मूळ प्रश्न वाहून जातो, हा आमचा अनुभव आहे. कोणत्याही पंथाची टिंगल दिसली तर प्रतिसाद उडेल.

दर्यावर्दी
माझ्या दत्ताचं काय झालं ते कुणी सांगेल का?

सुरंगी
शनवारतेली, तुमचा प्रश्न मी भावाला व्हॉट्सॲपवर तसाच विचारला: "तू येशूला काय मानतोस?" एका मिनिटात उत्तर आलं. जसंच्या तसं देते.

"येशू हाच देव. तोच पिता, तोच देहात पुत्र म्हणून आला, तोच आता आत्मा म्हणून आपल्यात आहे. तीन व्यक्ती नाहीत, एकच. आणि त्या एकाचं नाव येशू. म्हणून बाप्तिस्मा येशूच्या नावात. प्रेषितांची कृत्ये २:३८ वाच."

मी इतके दिवस समजत होते की त्याने येशूला खाली उतरवलं.

पाद्र्याची_लेक
अगं मग हे तर अगदी उलटं टोक! हे 'येशू एकच' म्हणणारे पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारा प्रोटेस्टंटांतला पंथ). यांची सुरुवात अलीकडची आहे. १९१३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एका मोठ्या शिबिरात कुणीतरी दाखवलं की प्रेषितांनी बाप्तिस्मा दिला तो येशूच्या नावात. तिथून हा फाटा फुटला. १९१६ मध्ये त्रैक्य मानणारे पेंटेकॉस्टल आणि हे वेगळे झाले.

म्हणजे बघ, साक्षीदार म्हणतात पुत्र पित्याहून लहान, तुझा भाऊ म्हणतो पुत्र म्हणजेच पिता. दोघेही त्रैक्य नाकारतात, पण एकमेकांच्या सभेला जाणार नाहीत. 'त्रैक्य न मानणारे' असा एक गठ्ठा बांधून आपण फसतो. त्यातच मॉर्मन आहेत (अमेरिकेत निघालेला पंथ), युनिटेरियन आहेत (देव एकच व्यक्ती आहे म्हणणारे). एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

वसईची_केळी
आणि @दर्यावर्दी, आता तुमचा दत्त. सुरंगीचा भाऊ जे म्हणतोय ते माझ्या पाणी-बर्फ-वाफेसारखं आहे, एकच देव तीन रूपांत. तुमच्या उदाहरणाला आम्ही नाही म्हटलं, पण त्याला ते बरंच जवळचं वाटेल.

दर्यावर्दी
बघा! मी दुसऱ्याच प्रतिसादात सांगितलं होतं, पाठवा त्याला.

सुरंगी
दत्त हा शब्द त्याच्यापुढे काढला तर पनवेलहून परत यायचा नाही तो.

इतिहासाचं_भूत
युनिटेरियन आलेच आहेत तर दोन शब्द. आपल्या लोकांना हा विषय परदेशी वाटतो, तसा तो नाही.

युरोपात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्याविरुद्ध लिहिल्याबद्दल १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं, आणि तेही प्रोटेस्टंटांच्या राज्यात. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १५६८ मध्ये, ट्रान्सिल्व्हानियात तोर्दा इथे प्रवचनकाराला आपल्या समजुतीप्रमाणे बोलायची मुभा देणारा ठराव झाला, तिथे युनिटेरियन चर्च आजही आहे. न्यूटनने आयुष्यभर त्रैक्याविरुद्ध पानंच्या पानं लिहिली आणि जिवंतपणी छापली नाहीत. तो ज्या कॉलेजात होता त्याचं नावच ट्रिनिटी, म्हणजे त्रैक्य.

आपल्याकडे राममोहन रॉय. १८२० मध्ये त्यांनी येशूचा उपदेश निवडून छापला, चमत्कार आणि त्रैक्य वगळून. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी खवळले, वाद पेटला. त्यात गंमत अशी की रॉय यांच्याबरोबर बायबलाच्या भाषांतराला बसलेला विल्यम अॅडम हा बाप्तिस्त मिशनरी स्वतःच युनिटेरियन झाला. लोक त्याला 'दुसरा पतित आदाम' म्हणायला लागले. मेघालयात खासी लोकांचं युनिटेरियन चर्च आहे, १८८७ पासूनचं, हजोम किसोर सिंग यांनी सुरू केलेलं.

आणि मराठीत? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात शिकले, ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. प्रार्थना समाजाची आणि युनिटेरियनांची वाट बरीच जवळून जाते.

पाद्र्याची_लेक
पंडिता रमाबाईंना कसं विसरलात? १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचं तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जे पत्रांतून झालं त्यात त्रैक्यावरून मोठी ओढाताण आहे. बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मला पटेल तेच मानीन, असा सूर. पुढे त्यांचं मत बदलत गेलं, त्या पूर्णपणे सुवार्तावादी झाल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

म्हणून कुणी प्रश्न विचारला की लगेच 'बाहेरचा' म्हणू नये, असं माझे वडील शेवटी शेवटी म्हणायचे. नारळाच्या बाबतीत मात्र त्यांनी माफी मागितली नाही.

राजिवडा
एक शंका. 'वधस्तंभ' हा शब्द मराठी बायबलात कसा आला? क्रूस का नाही?

पाद्र्याची_लेक
@राजिवडा, मस्त प्रश्न. प्रोटेस्टंट मराठीत वधस्तंभ रूढ आहे, कॅथलिक मराठीत क्रूस. साक्षीदारांचं म्हणणं की तो आडवी फळी नसलेला साधा खांब होता, त्यामुळे वधस्तंभ त्यांना आयताच मिळाला. आम्ही वधस्तंभ म्हणतो आणि चित्र मात्र आडव्या फळीचं काढतो. बाकी शब्दही असेच: आमचा बाप्तिस्मा, त्यांचा स्नानसंस्कार, आमचं प्रभुभोजन, त्यांचा ख्रिस्तप्रसाद. लग्नात दोन्हीकडचे आले की पत्रिकेवरच भांडण.

मुळदेकाठी
(नेहमी नुसता वाचतो, आज राहवलं नाही.) माझ्या काकांनीही असंच चर्च सोडलं होतं. पंधरा वर्षं आजोबा त्यांच्याशी बोलले नाहीत. आजोबांना त्रैक्य समजावून सांगता आलं नसतं, काकांनाही नाही. काका गेले तेव्हा पुरायचं कुठे यावर दुपारचे चार वाजले, मे महिना, बर्फ वितळत होता. एवढंच.

सुरंगी
@मुळदेकाठी, काय लिहू. आईला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

वसईची_केळी
सुरंगी, आता तुझ्या मूळ प्रश्नावर येते, कारण ते राहूनच चाललंय.

कॅथलिक नियमाने पाद्रीन हा कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेला, ख्रिस्तप्रसाद घेणारा आणि साधारण सोळा वर्षांवरचा असावा लागतो. म्हणजे भाऊ आता नियमात बसत नाही, तो हो म्हणाला असता तरी. पण दोघं असायलाच पाहिजेत असं नाही. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, एवढ्यावर होतं. तुझ्या लेकीला चांगली मादीन असली तर विधी पूर्ण आहे. पाद्रीनची जागा उगाच दुसऱ्या कुणाने भरू नकोस, ती रिकामी राहू दे. दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्याला धर्ममातेबरोबर साक्षी म्हणून उभं राहता येतं, पण तुझ्या भावाचं प्रकरण तसं सरळ नाही, ते फादरांनाच विचार.

आणि "नाव चुकीचं" या शब्दावर आई रागावली, तर तिला हे सांग की शब्दांवर आपणही तितकेच अडतो. २०२० मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की "मी तुला बाप्तिस्मा देतो" ऐवजी "आम्ही तुला बाप्तिस्मा देतो" म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. अमेरिकेत एका तरुण फादरने आपल्या बाप्तिस्म्याचा जुना व्हिडिओ काढून बघितला, त्यात "आम्ही"! बिचाऱ्याला बाप्तिस्म्यापासून गुरुदीक्षेपर्यंत सगळं परत घ्यायला लागलं. मॉर्मन लोक तिन्ही नावं घेऊन बाप्तिस्मा देतात, तरी २००१ मध्ये तो अग्राह्य ठरवला, कारण त्या नावांचा त्यांचा अर्थ वेगळा. तुझा भाऊ हट्टी असेल, पण हा हट्ट त्याने घरातूनच नेलाय.

बिच्चारा_बांगडा
आज पहिल्यांदा माझ्याकडे जोक नाही.

शनवारतेली
@वसईची_केळी +१. आमच्यात मलिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाच्या, ताटाला सगळे शेजारी बसायचे, कोण काय मानतो ते दारातल्या चपलांवरून कळायचं नाही.

सुरंगी
तीन आठवड्यांनी येतेय. बाळाचा स्नानसंस्कार काल झाला.

फादरांनी वसईच्या ताईंनी सांगितलं तेच सांगितलं. मादीन माझी नणंद. पाद्रीन कुणीच नाही. सासरच्यांनी दोन नावं सुचवली होती, मी नको म्हटलं.

भाऊ आदल्या रात्रीच्या बसने आला. येणार म्हणाला नव्हता. सकाळी पाच वाजता विळीवर नारळ खवताना दिसला. आई चुलीपाशी. दोघं काही बोलत नव्हते, फक्त खवलेल्याची ताटली सरकत होती. चर्चला आला, शेवटच्या बाकाच्या मागे दारापाशी उभा राहिला. फादरांनी पाणी ओतलं, तिन्ही नावं घेतली, लेक रडली नाही. मी वळून बघितलं तर भावाने डोळे मिटलेले. त्याने काय प्रार्थना केली ते विचारलं नाही, आणि हात कुठे होते ते बघायचं राहून गेलं.

जेवणं झाल्यावर त्याने बाळाला घेतलं आणि हळूच म्हणाला, "मोठी झालीस की तुला विचारीन हो." आईने ऐकलं. म्हणाली, "विचार, पण आधी मराठी नीट शिकव तिला."

सायकल त्याने परत दिली नाही. अजून अंगणात गंजतेय.

पाद्र्याची_लेक
बाळाला आशीर्वाद. माझ्याकडून येशूच्या नावाने आणि तिन्ही नावांनी, दोन्ही धर.

दर्यावर्दी
आणि दत्तगुरूंकडूनही.

बिच्चारा_बांगडा
चणे होते का? त्यात नारळ घातला होता का?

सुरंगी
होते. घातला होता, भावानेच खवलेला. करवंटी बाहेर ठेवली.